गरीब किती, गरीब कोण?
पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याला माप लावलं: माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च. १९६०-६१ मध्ये खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक त्याच्याही खाली होते. या मापावर इतर अर्थतज्ज्ञांनी बराच वाद घातला. ते चांगलंच झालं. त्या काळी गाजलेल्या 'गरिबी हटाव'च्या घोषणेला किती आणि कोण, हे निदान विचारता येऊ लागलं. सरकारने गरिबाच्या हाताला काम द्यावं, असा दांडेकर आणि रथ या दोघांचा आग्रह होता. महाराष्ट्रात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेही त्याच दिशेने झटत होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना आली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या ग्रामीण मजुरांना १९७७ च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क दिला.