घडवलेले रेणू (भाग ६) : एमएससीतले संश्लेषण

संश्लेषण म्हणजे साध्या, सहज मिळणाऱ्या पदार्थांपासून हवा तो रेणू टप्प्याटप्प्याने घडवणे. सेंद्रिय रसायनात एमएससी करणाऱ्याला दोन वर्षांत, चार सत्रांत या कामाची ओळख होते. हुकमत यायला पुढे पीएचडीची किंवा कारखान्यातली आणखी काही वर्षे जातात. बीएससीपर्यंत अभिक्रिया सुटी सुटी शिकवली जाते : अमुक पदार्थावर अमुक अभिकारक घातला की काय मिळते? एमएससीत हा प्रश्न उलटा होतो. कागदावर रेणूची रचना दिलेली असते आणि तो कशापासून, कोणत्या क्रमाने घडवायचा हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते. अडखळणारे विद्यार्थी बहुतेक इथेच अडखळतात.

इंदूरला या शिक्षणाची तीन प्रमुख ठिकाणे आहेत. सर्वांत जुने होळकर सायन्स कॉलेज, शिवाजीराव होळकरांच्या काळात, १८९१ मध्ये स्थापन झालेले. दुसरे देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग, खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरात. हे विश्वविद्यालय १९६४चे. तिसरे २००९ मध्ये सुरू झालेले आयआयटी, सिमरोलला. तिथल्या एमएससीला प्रवेश ‘जॅम’ या अखिल भारतीय परीक्षेतून मिळतो. तिन्ही संस्था शहराच्या दक्षिण अंगाला आहेत. पोलोग्राउंडची जुनी औद्योगिक वसाहत उत्तरेकडे, आता चहूकडून वस्तीने वेढलेली. तिच्या पलीकडे सांवेर रोडचे कारखाने. औषधांचे मोठे प्रकल्प मात्र धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला आणि पुढे रतलामला. इंदूरचा एमएससी झालेला मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी याच पट्ट्यात फिरते, म्हणून वर्गात शिकलेल्या संश्लेषणाचा कारखान्याशी संबंध कुठे येतो हे याच पट्ट्यातल्या ओळखीच्या औषधावरून पाहणे सोयीचे आहे. पॅरासिटामॉल त्यासाठी उत्तम.

पॅरासिटामॉलचा रेणू लहान आहे. बेंझीनच्या कड्याच्या एका टोकाला हायड्रॉक्सिल गट आणि बरोबर समोरच्या टोकाला अमाइडचा गट. हार्वर्डच्या ई. जे. कोरी यांनी १९६०च्या दशकात जी उलट्या विचाराची पद्धत शिस्तीत बसवली (१९९०चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले) तिच्याप्रमाणे पहिला प्रश्न असा : या रेणूतला कोणता बंध कागदावर तोडला तर ओळखीचे, मिळण्याजोगे तुकडे हाती येतील? उत्तर सरळ आहे. अमाइडचा कार्बन-नायट्रोजन बंध तोडला की एका बाजूला पॅरा-अमिनोफिनॉल उरते, दुसऱ्या बाजूला अ‍ॅसिटाइल गट. तो अ‍ॅसेटिक अनहायड्राइडमधून आणता येतो. आता अमिनोफिनॉल कुठून आणायचे? अमिनो गट नायट्रो गटाच्या क्षपणातून मिळतो, म्हणजे एक पायरी मागे पॅरा-नायट्रोफिनॉल. आणखी एक पायरी मागे साधे फिनॉल.

इतके जुळले की विद्यार्थ्याला वाटते, झाले. खरी परीक्षा त्यानंतर असते, कारण कागदावरची प्रत्येक पायरी पुढच्या दिशेने चालवून पाहावी लागते. फिनॉलचे नायट्रीकरण केले की पॅरा-नायट्रोफिनॉलबरोबर ऑर्थोही तयार होते. दोन्ही वेगळे कसे करायचे? ऑर्थो रेणूत हायड्रॉक्सिल आणि नायट्रो गट शेजारी असल्याने त्यांच्यातला हायड्रोजन बंध रेणूच्या आतल्या आत जुळतो. शेजारच्या रेणूंना ऑर्थो रेणू धरून राहत नाही, म्हणून वाफेबरोबर सहज उडून जातो. पॅरा रेणू एकमेकांना धरून राहतात आणि भांड्यात मागे उरतात. वाफेच्या ऊर्ध्वपातनाचा हा प्रयोग जुना आहे, तरी रचना आणि गुणधर्म यांचे नाते तो जितके स्पष्ट दाखवतो तितके फार थोडे प्रयोग दाखवतात. तो अभ्यासक्रमातून काढू नये.

कारखान्यात हीच वाट क्वचित धरली जाते. ऑर्थोच्या रूपाने निम्माअधिक माल हातचा जातो, म्हणून क्लोरोबेंझीनच्या नायट्रीकरणातून मिळणाऱ्या पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीनपासून सुरुवात होते. क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल आणून मग क्षपण करतात. दुसरी वाट नायट्रोबेंझीनची आहे. त्याचे आम्लात उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनीकरण करताना फेनिलहायड्रॉक्सिलअमाइन तयार होते आणि बामबर्गर पुनर्रचनेने त्याचेच पॅरा-अमिनोफिनॉल बनते. तिसऱ्या वाटेत फिनॉलपासून आधी कीटोन, मग ऑक्झाइम आणि शेवटी बेकमान पुनर्रचना. बामबर्गर आणि बेकमान ही नावे एमएससीच्या वहीत ‘नामांकित अभिक्रिया’ या मथळ्याखाली असतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केली जातात. ती एका डोकेदुखीच्या गोळीपाशी येऊन मिळतात हे वर्गात सांगितले गेले तर पाठांतराची गरज बरीच कमी होईल.

प्रयोगशाळेत शेवटची पायरी एका दुपारात होते. १०.९ ग्रॅम पॅरा-अमिनोफिनॉल, म्हणजे एक दशांश मोल, पाण्यात घेऊन ढवळत त्यात अ‍ॅसेटिक अनहायड्राइड घालतात. रेणूत अनहायड्राइडवर हल्ला करू शकतील असे दोन गट आहेत, पण नायट्रोजन ऑक्सिजनपेक्षा इलेक्ट्रॉन द्यायला अधिक तयार असतो; म्हणून अ‍ॅसिटाइल गट नायट्रोजनवरच बसतो. ही निवड ज्याला समजली त्याला संश्लेषणाचा गाभा समजला. भांडे बर्फात ठेवले की स्फटिक खाली बसतात, बहुधा गुलाबी-तपकिरी, कारण अमिनोफिनॉल हवेत ऑक्सिडीभूत होते. गरम पाण्यात विरघळवून, चारकोल घालून, गरम असतानाच गाळायचे. गाळणे रेंगाळले तर स्फटिक कागदावरच बसतात. थंड झाल्यावर पांढरे पॅरासिटामॉल मिळते, वितळबिंदू १६९ ते १७० अंश. पूर्ण उतारा आला असता तर ते १५.१ ग्रॅम भरले असते. ११.३ ग्रॅम मिळाले तर उतारा ७५ टक्के. उरलेले कुठे गेले याचा हिशेब विद्यार्थ्याने मांडायचा असतो : थोडे पाण्यात विरघळून राहिले, थोडे चारकोलला चिकटले, थोडे गाळणकागदावर गेले. उतारा कमी आला म्हणून गुण कापण्यापेक्षा हा हिशेब नीट मांडला आहे का ते पाहणारे शिक्षक अधिक शिकवून जातात.

टप्पे वाढले की उताऱ्याचे गणित निर्दय होते. प्रत्येक टप्प्यात ९० टक्के उतारा धरला, तरी दहा टप्प्यांनंतर हाती ३५ टक्के माल राहतो आणि वीस टप्प्यांनंतर जेमतेम १२. म्हणून मोठा रेणू एका सरळ रांगेत घडवत नाहीत. त्याचे दोन-तीन भाग वेगवेगळे तयार करून शेवटी जोडतात, म्हणजे सर्वांत लांब रांग छोटी राहते. रॉबर्ट वुडवर्ड आणि अल्बर्ट एशेनमोझर यांनी जीवनसत्त्व बी-१२चे संश्लेषण असेच पूर्व आणि पश्चिम अर्धे जुळवून केले. शंभराहून अधिक संशोधक राबले आणि १९७२ मध्ये ते पूर्ण झाले. त्या कामात एका कड्याची जोडणी अपेक्षेपेक्षा वेगळ्या दिशेने वळली. त्या कोड्यातून वुडवर्ड आणि रोआल्ड हॉफमन यांनी १९६५ मध्ये कक्षीय सममितीचे नियम मांडले. एमएससीतला ‘पेरिसायक्लिक अभिक्रिया’ हा सगळ्यांना धास्ती वाटणारा पेपर या नियमांवर उभा आहे. उष्णता दिली की कडे एका दिशेने बंद होते, प्रकाश दिला की उलट दिशेने. का, ते इलेक्ट्रॉनांच्या कक्षांची चिन्हे मांडल्यावर कळते.

आधुनिक म्हणावा असा भाग धातूंच्या उत्प्रेरकांपासून सुरू होतो. २०१०चे नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना मिळाले ते पॅलेडियमच्या साहाय्याने दोन कार्बन जोडण्यासाठी. रक्तदाबाच्या लोसार्टानसारख्या औषधात दोन बेंझीन कडी थेट एकमेकांना जोडलेली असतात. ती जोडणी पूर्वी कष्टाची होती, सुझुकी अभिक्रियेने ती सोपी झाली. २००१चे नोबेल डाव्या-उजव्या रूपांपैकी हवे तेच घडवणाऱ्या उत्प्रेरकांना मिळाले, २००५चे दुहेरी बंधांची अदलाबदल करणाऱ्या मेटाथेसिसला आणि २०२१चे धातूशिवाय काम करणाऱ्या लहान सेंद्रिय उत्प्रेरकांना. हे सारे अभ्यासक्रमात आहे, पण पॅलेडियम महाग असल्याने अनेक ठिकाणी ते फळ्यावरच राहते. सुझुकी जोडणी निदान एकदा स्वतःच्या हाताने केलेली असावी. पाव ग्रॅम मालावर केली तरी चालते.

हाताचे शिक्षण हवामानाशी बांधलेले असते. इंदूरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि डायएथिल इथर ३४.६ अंशांवर उकळते. बाटली बर्फात थंड केल्याशिवाय तिचे बूच उघडू नये, हे तिथे पहिल्या आठवड्यातच सांगावे लागते. पावसाळ्यात अडचण उलटी. ग्रिन्यार अभिकारकाला ओलाव्याचा अंशही चालत नाही, म्हणून काचेची भांडी ओव्हनमध्ये तापवून घेतात आणि टीएचएफ हे द्रावक सोडियमच्या तारेबरोबर, चिमूटभर बेंझोफिनोन घालून उकळतात. द्रावक कोरडे झाले की त्याला गडद निळा-जांभळा रंग चढतो. रंग आल्यावरच ते वापरायचे. अभिक्रिया पुरी झाली का हे सिलिकाच्या पातळ थराच्या पट्टीवर, टीएलसीवर, ठिपका देऊन अतिनील दिव्याखाली पाहतात. मग माल वेगळा करायला कॉलम, हेक्झेन आणि एथिल अ‍ॅसिटेट, एकामागून एक नळ्या. शेवटी रेणूची रचना पक्की करायला एनएमआर. चौथ्या सत्राच्या प्रकल्पात विद्यार्थ्याचे महिने यातच जातात आणि रसायनज्ञ घडतो तो बहुधा याच सत्रात. तीन सत्रे उत्तर माहीत असलेले प्रयोग केल्यावर इथे पहिल्यांदा कोणालाच उत्तर माहीत नसते.

पोलोग्राउंडसारख्या वसाहतीतल्या लहान औषध कारखान्यात बहुधा रेणू घडवला जात नाही. बाहेरून आलेल्या मूळ औषधद्रव्यापासून गोळी, सिरप किंवा मलम तयार होते. द्रव्य घडवणारे कारखाने, ज्यांना बोलीत ‘बल्क ड्रग’चे म्हणतात, ते वेगळे. एमएससी झालेल्याला दोन्हीकडे काम मिळते, पण ते वेगवेगळे असते : गोळीच्या कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात (क्यूसीत) बसून मालाची शुद्धता तपासायची, बल्कच्या कारखान्यात अभिक्रिया चालवायची किंवा आर अँड डीत ती सुधारायची. पहिल्या कामालाही संश्लेषण यावे लागते. पॅरासिटामॉलच्या मूळ द्रव्याच्या तपासणीत पॅरा-अमिनोफिनॉल ५० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही; ते माल घडताना शिल्लक राहू शकते आणि साठवणीत पॅरासिटामॉलचा रेणू तुटूनही येऊ शकते. क्लोरोअ‍ॅसिटानिलाइडची मर्यादा तर १० पीपीएम. ही अशुद्धी का शोधायची हे ज्याला नायट्रोक्लोरोबेंझीनची वाट माहीत आहे त्यालाच उमगते. द्रावकांचेही तसेच : बेंझीन २ पीपीएम, मिथेनॉल ३,०००, एथिल अ‍ॅसिटेट ५,०००. तोंडाने घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये, हाही आंतरराष्ट्रीय नियम आहे.

२०१८ मध्ये वालसार्टान या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे कर्करोगकारक मानले जाणारे द्रव्य सापडले आणि अनेक देशांत गोळ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. टेट्राझोलचे कडे घडवण्याच्या पायरीत उतारा वाढावा म्हणून द्रावक बदलून डीएमएफ घेतले होते. डीएमएफमध्ये डायमेथिलअमाइनचा अंश असतो. उरलेले अझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट घातले आणि दोघांच्या संयोगाने एनडीएमए हे नायट्रोसअमाइन तयार झाले. अमाइन आणि नायट्रस आम्ल यांची ही अभिक्रिया बीएससीतच शिकवली जाते. ती दोन वेगळ्या पायऱ्यांच्या मधोमध कोणाच्या लक्षात आली नाही. संश्लेषणाचे शिक्षण सलग का हवे, त्याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागत नाही.

भारतात या विद्येला बळ आले त्यात कायद्याचा वाटा मोठा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तो बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट ठेवले. नवी वाट शोधणारा रसायनज्ञ त्यामुळे कारखान्याला हवाहवासा झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत के. वेंकटरामन १९५७ मध्ये पहिले भारतीय संचालक झाले; फ्लॅवोन घडवण्याच्या पुनर्रचनेला बेकर यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे. त्यांच्यानंतर १९६६ ते १९७८ बाळ दत्तात्रेय टिळक यांनी ती धुरा वाहिली. हैदराबादला ए. व्ही. रामाराव यांनी एड्सवरच्या एझेडटीची स्वस्त पद्धत सिप्लासाठी बसवली. २००५ पासून रेणूवरही पेटंट मिळू लागले, तेव्हा नवा रेणू शोधण्याची निकडही वाढली.

एमएससीनंतर संशोधनाकडे वळायचे तर गेट किंवा वर्षातून दोनदा होणारी सीएसआयआर-यूजीसी नेट द्यावी लागते. नेटचा रसायनाचा पेपर २०० गुणांचा. त्यातल्या ‘क’ विभागात ६० पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण; चुकले तर एक गुण वजा. संश्लेषणाचे प्रश्न इथे बहुधा साखळीने येतात, म्हणजे एक पायरी चुकली की उत्तर गेले. फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी घेतलेल्याला एका वर्षाच्या एमएससीची सोय आहे. ज्याला प्रयोगशाळेत राहायचे आहे त्याने ती घेण्याआधी त्या एका वर्षात प्रकल्पाला पूर्ण सत्र मिळते का, आणि एनएमआरचे नमुने कुठे, किती दिवसांत तपासून मिळतात, हे दोन प्रश्न विभागात जाऊन विचारावेत.