शनवार तेल्यांच्या किनाऱ्यावर फॅटी लिव्हर

अलिबाग ते मुरूड या पट्ट्यात तेल काढणारे म्हणजे शनवार तेली. नवगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचं गलबत फुटलं असं सांगणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना हे नाव पडलं, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. आडनावं गावांवरून: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. अलिबागची इस्रायल आळी मात्र अजून त्याच नावाने ओळखली जाते.

त्यांच्या घाण्यांच्या काळातलं बरंचसं तेल पोटात जायचंच नाही. उंडीचं कडू तेल दिव्याला आणि दुखऱ्या सांध्यांना. खोबरेल डोक्याला. कोकमाच्या बियांचं लोण्यासारखं घट्ट तेल थंडीत फुटलेल्या टाचांना. बोटाच्या उबेने विरघळवून भेगांत भरायचं. स्वयंपाकात फोडणीपुरतं पळीभर, बाकी चव वाटलेल्या ओल्या खोबऱ्याची.

पुढे अलिबागच्याच जिल्ह्यात, न्हावा-शेव्याला, १९८९ मध्ये बंदर सुरू झालं आणि १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. तेल स्वस्त झालं, पिशवीतून घरोघर पोचलं आणि पळी मोजायची सवय सुटली. भातशेतीचं, होडीचं अंगमेहनतीचं कामही त्याच सुमारास कमी होत गेलं. या सगळ्याचा भार यकृतावर.

दारू न पिणाऱ्याचंही यकृत चरबीने सुजतं, हे अमेरिकेत डॉ. लुडविग यांनी १९८० मध्ये मांडलं होतं. पण आपल्यासाठी जास्त बोलका ठरला २००४ मधला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला एक फोटो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ का निघतं, याचं उत्तर बरंचसं त्यात आहे. केंद्र सरकारने या आजाराला असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात घेतलं ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये.

तोवर उपाय बाजारात आले होतेच. कोविडच्या वर्षी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचे काढे घराघरांत उकळले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. त्यानंतरची पाळी तेलांची: जवसाचं, कलौंजीचं, व्हर्जिन खोबरेल, सकाळी अनशेपोटी चमचाभर.

कलौंजीच्या तेलावर इराणमध्ये छोट्या चाचण्या झाल्या आहेत. काहींत यकृताच्या रक्ततपासणीतलं एसजीपीटी वगैरे थोडं उतरलं. यकृतातले व्रण भरून आले, असं मात्र कुणी दाखवलेलं नाही. आणि हिशेब कुणी करत नाही: मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, मग ते लाकडी घाण्याचं असो की टँकरमधलं. खोबरेलात तर नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी. ज्या यकृताला आधीच चरबी झेपत नाही, त्याला वर आणखी ही! वजन पाच टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी घटते, सात ते दहा टक्क्यांनी सूजही ओसरते. ऐंशी किलोच्या माणसाला सहा-आठ किलो. कोणत्याही तेलाने एवढं केल्याचा पुरावा नाही.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘कोणती औषधं चालू आहेत?’ बीपीची, शुगरची गोळी सांगितली जाते. कपाटातली तेलाची बाटली राहते. ते काय औषध आहे थोडंच!