मोहाची फुले आणि सातवीचे विज्ञान



नंदुरबारच्या सातपुड्यातील पाड्यांवर मुले घरी भिली किंवा पावरी बोलतात. विज्ञानाचे पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. ‘बाष्पीभवन’ या शब्दापाशी सातवीचे मूल अडते आणि स्वतःला ढ समजून गप्प बसते. खरे तर ही क्रिया त्याच्या अंगणातच घडते. उन्हाळ्यात पहाटे वेचलेली मोहाची फुले उन्हात वाळून हलकी होतात.

म्हणून ओली फुले आधी तोलावीत, वाळल्यावर पुन्हा तोलावीत. वजन का घटले, हे मुलाला स्वतःच्या बोलीत सांगू द्यावे. पुस्तकातला शब्द शेवटी द्यावा. मग तो नुसता पाठ करावा लागत नाही.

आपल्या घरी तराजू पडून असेल तर वसतिगृहासाठी द्यावा. या मुलांची प्रार्थनेत आठवण ठेवावी.