प्रतीला स्वतःचं टेबल हवं

वाचनालयाचं सॉफ्टवेअर करायला बसलं की पहिलं टेबल 'पुस्तक' या नावाचं होतं आणि गोंधळाला तिथेच सुरुवात होते. ग्रंथपालांच्या शेजारी बसून त्यांची दाखल नोंदवही पाहिली की हे लगेच कळतं. 'बटाट्याची चाळ'च्या चार प्रती असतील तर नोंदवहीत दाखल क्रमांकही चार असतात. वाचक घरी नेतो ती प्रत. जिचं पान फाटतं, जी हरवते, बांधणीला जाते तीही प्रतच. म्हणून जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये मॉडेल दोन करायची, पुस्तक आणि प्रत, आणि प्रतीवर पुस्तकाची फॉरेन की ठेवायची. डेटाबेसमध्ये त्यासाठी प्रतींच्या टेबलात पुस्तकाच्या आयडीचा एक कॉलम तयार होतो आणि जँगो त्यावर इंडेक्सही आपणहून बांधतं.

लेखकांचं प्रकरण जास्त अवघड आहे. एका पुस्तकाचे अनेक लेखक, एका लेखकाची अनेक पुस्तकं, म्हणजे मेनी-टू-मेनी. ते लिहिलं की जँगो मधलं टेबल स्वतः तयार करतं आणि आपल्याला ते दिसतही नाही. इथपर्यंत सगळं सोपं असतं. मग कोणीतरी 'एका कोळियाने'ची नोंद करायला घेतं. लेखक हेमिंग्वे, अनुवादक पु. ल. देशपांडे. त्या मधल्या टेबलात आयडींखेरीज काही नसतं, मग अनुवादक ही भूमिका लिहायची कुठे? पुस्तकाच्या टेबलात 'अनुवादक' असा कॉलम वाढवला, तर पुढे संपादक येतो, प्रस्तावनाकार येतो, चित्रकार येतो. अशा वेळी 'थ्रू' वापरून मधलं मॉडेल आपणच लिहावं: व्यक्ती, पुस्तक, भूमिका. पुलंची नोंद एकच राहते. एका पुस्तकाशी ते लेखक म्हणून जोडले जातात, दुसऱ्याशी अनुवादक म्हणून. "उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेली कानडी पुस्तकं कोणती?" असं काउंटरवर कोणी विचारलं, तर उत्तर शोधायची वाट आता तयार असते.

देवघेवही याच जातीची. सभासद आणि प्रत यांच्यामधली ही नोंद, तिच्यावर दिल्याची आणि परत आल्याची तारीख. परतीची तारीख रिकामी असेल तर प्रत बाहेर आहे. एका प्रतीची अशी उघडी नोंद एकच असावी, हा नियम पोस्टग्रेसमध्ये सशर्त युनिक कन्स्ट्रेंट घालून थेट डेटाबेसकडेच सोपवता येतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'ऑन-डिलीट'चा प्रश्न. सभासदाची नोंद पुसली तर त्याच्या देवघेवींचं काय? 'कॅस्केड' असेल तर त्याही पुसल्या जातात, आणि कोणती पुस्तकं खरोखर वाचली गेली हा वाचनालयाचा इतिहास त्यांच्याबरोबर जातो. 'सेट-नल' ठेवलं तर सभासदाचा उल्लेख जातो, नोंद राहते. 'प्रोटेक्ट' पुसूच देत नाही. पूर्वी काही लिहिलं नाही तर जँगो मुकाट्याने कॅस्केड धरायचं. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून याचं उत्तर लिहिल्याशिवाय फॉरेन की चालतच नाही. जँगोकारांचा हा निर्णय अतिशय योग्य होता, कारण घाईत असलेल्या माणसालाही तिथे थांबून विचार करावा लागतो.

हे उत्तर प्रोग्रामरने एकट्याने देऊ नये, ग्रंथपालांना विचारावं. तोवर 'प्रोटेक्ट' लिहून ठेवा. ते पुढे कधीही सैल करता येतं. कॅस्केडमध्ये गेलेल्या देवघेवी मात्र बॅकअप नसेल तर परत मिळत नाहीत.