पाण्यापलीकडची थडगी

अ‍ॅशव्हिल, नॉर्थ कॅरोलायना

तिकोणा पेठेतून गड चढताना मागे वळलं की पवना धरणाचं पाणी दिसतं. परवा ते पाणी मला इथल्या एका वर्गखोलीत आठवलं.

पदवीच्या मुलांचं संशोधन संमेलन होतं. या देशातली त्यांची पहिली राष्ट्रीय परिषद १९८७ साली याच डोंगरी गावातल्या सरकारी विद्यापीठात भरली. आता ती गावोगाव फिरते, हजारो मुलं येतात. विज्ञानाच्या मुलांसोबत इतिहास-साहित्याची मुलंही त्याच मांडवात आपला विषय मांडतात.

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. विषय याच राज्यातल्या फोंटाना धरणाचा. महायुद्धाला वीज हवी म्हणून १९४२ ते ४४ मध्ये ते घाईनं बांधलं. जुना रस्ता बुडाला, माणसं उठली, पूर्वजांची थडगी मात्र पलीकडच्या काठावर राहिली. नवा रस्ता देऊ, असा करार १९४३ मध्ये झाला. थोडे मैल आणि एक बोगदा झाला, मग काम थांबलं. लोक त्याला ‘कुठेच न जाणारा रस्ता’ म्हणतात. २०१० मध्ये रस्त्याऐवजी ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचा समझोता झाला. आजही घरची मंडळी ठरलेल्या दिवशी नावेनं पलीकडे जातात, थडग्यांवर फुलं ठेवतात आणि तिथेच एकत्र जेवतात.

तिनं आपल्या आजीला आणि आजीच्या शेजारणींना बोलतं केलं होतं. एका प्राध्यापकांनी विचारलं, ‘घरच्याच माणसाच्या आठवणीवर भरवसा कसा ठेवायचा?’ तिचे मार्गदर्शक मागच्या बाकावर गप्प बसून होते. तिच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही, हा इथला रिवाज मला फार आवडतो. ती म्हणाली, कराराचा कागद आणि जुनी वर्तमानपत्रं ताडून पाहिली. जिथे आजी चुकली तिथे चूक खोडली नाही. नेमकं तेच का चुकीचं आठवतं, हा शोध घेतला.

वीस वर्षांच्या मुलीचं हे उत्तर ऐकून मी थक्क झालो. संशोधन म्हणजे आधी मोठी पदवी, हे माझ्या मनातलं जुनं गृहीतक तिथेच गळून पडलं.

आपल्याकडे जागा नाही असं नाही. २००६ पासून ‘आविष्कार’ हे विद्यापीठांचं संशोधन संमेलन आहे, त्यात मानव्यविद्या, भाषा आणि ललितकलांचा गट आहे, पदवीचा स्तर आहे. आणि विषय तर दारात आहे. पवना धरण १९७२ सालचं. त्यातही माणसं उठली. तेव्हा पंचविशीत असलेली आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यामुळे मला घाई वाटते.

त्या मुलीचा पहिला प्रश्न साधाच होता: घर सोडताना शेवटी काय उचललंत? उन्हाळ्यात पाणी ओसरून पवना धरणात बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ उघडं पडेल, तेव्हा तिकोणा पेठेतल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी आपल्या आजीपाशी बसून फोनचं रेकॉर्डिंग सुरू करावं आणि तिला हेच विचारावं.