दंड कळला, मोजणी कधी कळणार?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांनी किती चलनं फाडली, याच्या बातम्या २०२४पासून येत आहेत. जोडून सुट्ट्या आल्या की बोरघाट तुंबल्याच्या बातम्या तर त्याच्याही आधीपासूनच्या. या दोन बातम्या मला वेगळ्या वाटत नाहीत. रस्त्यावर एवढे डोळे बसवले आहेत, तर त्यांनी नंबरप्लेटबरोबर वाहतुकीची नाडीही बघावी.

नाडी बघण्याचं जुनं साधन रस्त्याच्या पोटात असतं. डांबरात करवतीने साधारण सहा फुटांचा चौकोन कापतात, चरात तारेचे दोन-चार वेढे घालून चर बुजवतात आणि तारेची टोकं कडेच्या पेटीत नेतात. तारेत वीज खेळती असते. वरून गाडी गेली की तिच्या तळाच्या धातूत विजेचे भोवरे उठतात, वेटोळ्याचा विद्युतगुण बदलतो आणि पेटीत नोंद पडते. पुढे ठरावीक अंतरावर दुसरं वेटोळं असेल तर वेगही कळतो. धुकं-अंधाराने त्याचं काही अडत नाही. पण तार तुटली की रस्ता उकरावा लागतो. म्हणून आता डोक्यावरच्या कमानींवर कॅमेरे आणि रडार. खंडाळ्याच्या दाट धुक्यात कॅमेऱ्याला दिसेनासं होतं, रडार काम करत राहतं.

मात्र नुसती संख्या फसवते. पाच मिनिटांत वीसच गाड्या गेल्या, तर रस्ता मोकळा असेल किंवा पुरता तुंबलेला. त्यासाठी दुसरं माप लागतं: पाच मिनिटांतला किती वेळ वेटोळ्यावर गाडी होती? संख्या उतरत असताना हा वेळ चढू लागला, की कोंडी धरलीच समजा.

या दोन मापांवर प्रवीण वरैया यांनी मोठं काम उभं केलं. १९४० साली मुंबईत जन्मलेले वरैया बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते. २०२२मध्ये ते गेले. कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवरून दर तीस सेकंदांनी येणारे आकडे एकत्र करणारी ‘पेम्स’ ही यंत्रणा त्यांनी सहकाऱ्यांसह उभारली. लॉस एंजेलिसचे आकडे तपासून २००१मध्ये त्यांनी दाखवलं की रस्ता सर्वाधिक गाड्या वाहून नेतो तो ताशी साठ मैलांच्या आसपास, म्हणजे वाहतूक मोकळी धावत असताना. कोंडी झाली की वेगाबरोबर रस्त्याची वाहून नेण्याची ताकदही घसरते, ऐन गरजेच्या वेळी. म्हणून रस्ता तुंबायच्या आतच गाड्या प्रवेशावर रोखून थोड्याथोड्या सोडा, हा त्यांचा उपाय.

बोरघाटाचा चढ वेगळा, ट्रक जास्त. तिथला वेगाचा आकडा वेगळा निघेल, आणि तो आपणच मोजून काढला पाहिजे. तत्त्व मात्र इथेही लागू आहे. आज रांगा लागल्यावर अवजड वाहनं अडवली जातात. तोवर भरलेला ट्रक चढावर अडकलेला असतो, फूटफूट सरकताना क्लचचा जळका वास सुटतो, आणि मागे सहलीला निघालेली कुटुंबं लेकरांसह उन्हात. घाटाच्या पायथ्याशी ते दुसरं माप चढू लागताच ट्रक खालीच, सपाटीवर थांबवता आले, तर चालकाला इंजिन बंद करून चहा तरी घेता येईल.

आणि ही मापं लोकांसमोर हवीत. पेम्सचे आकडे साधी नोंदणी करून कुणालाही बघता येतात. आपल्याकडे शनिवारी सकाळी दादरहून निघणाऱ्याला खंडाळ्याचे गेल्या पाच मिनिटांचे आकडे घरबसल्या दिसले, तर तो दोन तास उशिरा निघेल.