जुन्या फियाटमध्ये नवीन इंजिन बसवायचंय? आधी आरसीवरचा इंजिन नंबर बघा

रील तुम्हीही बघितलं असेल. गॅरेजमध्ये चकाचक रंगवलेली पद्मिनी उभी असते. खाली रुंद टायर, मागे जाडजूड सायलेन्सर. मालक बॉनेट उघडतो आणि आत भलत्याच गाडीचं इंजिन. चावी फिरवली की जो आवाज येतो, तो ऐकून कमेंटमध्ये एकच प्रश्न पडलेला असतो, "भावा, आमच्या आजोबांची पण पडून आहे, असं करता येईल का?"

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. चाळीच्या मागे ताडपत्रीखाली एखादी फियाट वर्षानुवर्षं उभी असते. मग इमारत पुनर्विकासाला जाते आणि "गाडी हलवा" असा तगादा सुरू होतो. रस्त्यावर ठेवली तर महापालिका बेवारस म्हणून नोटीस चिकटवते. म्हणजे भंगारवाल्याला बोलवा, नाहीतर गाडी चालू करा. मूळ इंजिन जाम झालेलं असेल, तर दुसरं बसवायचा विचार मनात येतोच.

यालाच म्हणतात इंजिन स्वॅप. ते करता येतं का, कसं करतात आणि कायदा काय म्हणतो, हे नीट बघू.

जगातली सगळ्यात गाजलेली स्वॅप

इंजिन बदलणं म्हणजे गाडीचा अपमान, असं काही जण म्हणतात. पण जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध स्पोर्ट्स कारपैकी एक अशाच अदलाबदलीतून जन्माला आली. १९६२ साली कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने एसी एस नावाच्या हलक्याफुलक्या ब्रिटिश गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं. तीच पुढे शेल्बी कोब्रा झाली.

आपल्याकडे तर उसन्या इंजिनाची परंपराच आहे. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार १९९८ साली आली, तिच्यात रेनॉचं इंजिन होतं. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली काँटेसा आणली. अंगकाठी अमेरिकन मसल कारसारखी, पण आत ॲम्बेसेडरच्या घराण्यातलं १.५ लिटरचं इंजिन, ताकद साधारण ५० हॉर्सपॉवर. एवढा मोठा देह त्या इंजिनाला ओढवेना. मग कंपनीने जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला, आणि काँटेसा खऱ्या अर्थाने पळायला लागली. आज जी काँटेसा हौशी लोक शोधत फिरतात, ती हीच.

पद्मिनीचं काय?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. तिच्या आधीच्या गोलमटोल फियाटला आपण प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणायचो.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट बाकासारखी सलग. मुंबईची टॅक्सी म्हणून याच गाडीने शहर वाहून नेलं. एके काळी मुंबईत साठ हजारांच्या आसपास टॅक्सी होत्या आणि त्यात बहुतांश पद्मिनी.

त्या टॅक्सींतही इंजिनं बदलली जायची, पण वेगासाठी नाही, पोटासाठी. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक टॅक्सीवाल्यांनी पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवलं. त्या धुराविरुद्ध १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणा, नाहीतर रस्त्यावरून काढा, असा न्यायालयाच्या आदेशांचा रोख होता. त्यानंतर टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. पुढे सरकारने टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा घातली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे संपली. किमान एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीमेन्स युनियनने केली होती.

वयोमर्यादेचा हा नियम टॅक्सीला होता. घरची गाडी फिटनेस तपासणी करून, ग्रीन टॅक्स भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत ठेवता येते. म्हणून आजोबांची फियाट अजून वाचू शकते.

स्वॅप म्हणजे नेमकं काय काय बदलतं?

रीलमध्ये इंजिन क्रेनला लटकतं आणि पुढच्याच सेकंदाला गाडी पळते. मधले काही महिने कापलेले असतात.

पहिली अडचण इंजिनाच्या दिशेची. पद्मिनीचं इंजिन पुढे उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि ताकद प्रोपेलर शाफ्टने मागच्या चाकांना जाते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिन आडवं असतं, गिअरबॉक्स त्यालाच चिकटलेला आणि पुढची चाकं फिरतात. त्यामुळे स्विफ्टचं इंजिन आहे तसं उचलून पद्मिनीत बसत नाही. म्हणूनच हौशी लोक जिप्सी किंवा ईकोच्या इंजिनाकडे वळतात, कारण त्या गाड्यांची रचना मागच्या चाकांना ताकद देणारी आहे.

दुसरं, बसवणं. जुने इंजिन माउंटिंग जुळत नाहीत, नवे बनवावे लागतात. गिअरबॉक्स बदलला की प्रोपेलर शाफ्टची लांबी चुकते, तो कापून, जोडून, लेथवर नेऊन बॅलन्स करावा लागतो. बॅलन्स चुकला तर ठराविक वेगाला गाडी थरथरायला लागते आणि मग जॉइंट, बेअरिंग असं एकेक जातं.

तिसरं, गिअरचा दांडा. नवा गिअरबॉक्स म्हटला की दांडा स्टिअरिंगवरून खाली येतो. त्यासाठी फ्लोअरचा पत्रा कापावा लागतो आणि पुढची सलग सीट जाते. पुढे तिघं बसून चौपाटीला जायची ती गंमत तिथेच संपते. हे काम एकदा केलं की मागे फिरणं अवघड.

चौथं, आणि सगळ्यात दुर्लक्षित, ब्रेक. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजेक्शनवालं इंजिन ८० हॉर्सपॉवरचं आहे, म्हणजे पद्मिनीच्या दुप्पट. पण पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताकद वाढवून ब्रेक तसेच ठेवणारा माणूस स्पोर्ट्स कार बनवत नाही, अपघाताची तयारी करतो. पुढे डिस्क ब्रेक, बूस्टर, मजबूत सस्पेन्शन आणि मोठा रेडिएटर हे इंजिनाच्या आधीच ठरवायचं. परळच्या पुलावर मे महिन्यातल्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की रेडिएटरची परीक्षा होतेच.

पाचवं, वायरिंग. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन आणलं की त्यासोबत ईसीयू, सेन्सर आणि पेट्रोलच्या टाकीतला पंप हा सगळा संसार येतो.

आणि या सगळ्याच्या आधी पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिचा सांगाडा. समुद्राची हवा आणि पावसाळ्यात तुंबणारं पाणी यांनी फ्लोअर आणि दरवाज्याखालचा भाग आतून सडतो. त्या सडक्या पत्र्यावर दुप्पट ताकदीचं इंजिन बसवणं म्हणजे मोडकळीला आलेल्या चाळीवर आणखी दोन मजले चढवणं.

आता खरा मुद्दा, कायदा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेली आणि आरसीवर नोंदवलेली माहिती गाडीशी जुळली नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं.

मग सुटका कुठे आहे? तीन वाटा आहेत.

एक, त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन. पद्मिनीत पद्मिनीचंच दुसरं इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवता येतं. बदल केल्यावर १४ दिवसांत कळवायचं आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. जुनं इंजिन विकत घेताना पावती घ्या. ते कुठून आलं हे सांगता आलं नाही, तर चोरीच्या मालाचा संशय तुमच्यावर येतो.

दोन, मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी किट.

तीन, इलेक्ट्रिक किट. पेट्रोलचं इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवायची कायद्यात सोय आहे, पण किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेची मान्यता हवी आणि ते अधिकृत ठिकाणीच बसवायला हवं.

रीलमधली पद्मिनी या तिन्हीत बसत नाही. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि बॉनेटखालचं इंजिन आरसीशी जुळलं नाही, तर विमा कंपनी हात वर करू शकते. समोरच्या माणसाची नुकसानभरपाई अशा वेळी घरादारावर येते.

आणि एक दार कायमचं बंद होतं

१५ जुलै २०२१ रोजी केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही खास अक्षरं मिळतात. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी ती रस्त्यावर आणायची.

पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही.

आता हिशेब करा. १९७४ मध्ये नोंदलेल्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. पुढची काही वर्षं दरवर्षी आणखी पद्मिनी या दारात येणार आहेत. सर्वात जुनी काँटेसा तिथे २०३४ मध्ये पोहोचेल. बरोबर याच काळात जुनं इंजिन भंगारात देऊन दुसरं बसवलं, तर वारसा म्हणून मिळणारी ओळख आपल्याच हाताने पुसली जाते. जगभर जुन्या स्पोर्ट्स कारची किंमतही यावरच ठरते, की कारखान्यातून निघालेलं मूळ इंजिन अजून तिच्यात आहे का.

कंपनीने काँटेसात इसुझूचं इंजिन टाकलं, तेव्हा तिने त्या मॉडेलची सरकारी मंजुरी घेतली होती. आपण गॅरेजमध्ये तेच करतो तेव्हा मंजुरीचा भाग राहून जातो. फरक एवढाच आहे, पण तोच महत्त्वाचा आहे.

मग करायचं काय?

येत्या रविवारी एवढं करा.

आरसी शोधा आणि इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. आजोबा गेले असतील आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. नाहीतर पुढचा एकही अर्ज हलणार नाही.

साधं लोहचुंबक घेऊन पत्र्यावर फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे आणि पत्रा बहुधा गेलेला आहे.

बंद पडलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवून बघा. फिरलं तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासा. कॉम्प्रेशन कमी आलं आणि चमचाभर ऑइल टाकल्यावर वाढलं, तर रिंगा गेल्यात. नाही वाढलं, तर व्हॉल्व्हचं काम आहे. दोन्ही दुरुस्त होतात. बोअर करून किंवा स्लीव्ह बसवून, नवे पिस्टन टाकून हे साधं इंजिन पुन्हा बांधता येतं. सुट्ट्या भागांसाठी ऑपेरा हाऊसचं स्पेअर पार्टचं मार्केट पालथं घाला, मग कुर्ल्याचा भंगार बाजार.

एवढं करूनही वेगवान इंजिनाचीच हौस असेल, तर ती गाडी रस्त्यासाठी नाही, बंदिस्त ट्रॅकसाठी आहे हे मान्य करून बनवा. तेव्हाही मूळ इंजिन ग्रीस लावून, नंबरासकट जपून ठेवा आणि पत्रा कापण्याआधी दहा वेळा विचार करा.

४० हॉर्सपॉवरची पद्मिनी मरीन ड्राइव्हवर कुणाला मागे टाकणार नाही. पण कागद साफ असतील, तर नाकाबंदीत काच खाली करताना छातीत धडधड होणार नाही. आणि पुढच्या सीटवर अजूनही तिघं बसतील.